पहाडगाडीवरचा मापारी

माणसाकडे बघून त्याचं वजन सांगणं, हे एके काळी माझं काम होतं. पुढे मी तीस वर्षं वर्तमानपत्रात काढली आणि दिवाळी अंकांनी दर वेळी त्याच तीस वर्षांबद्दल लिहायला सांगितलं. यंदा त्याआधीच्या तीन हंगामांबद्दल लिहितो. सत्तावन्न ते साठ या काळात वणी भागातल्या जत्रांत एक लोखंडी गाडी चालायची. लोक तिला पहाडगाडी म्हणत. तिच्यात कोणी कुणाच्या शेजारी बसायचं, हे मी ठरवत असे.

आता अशा गाड्या मोठ्या शहरांतल्या करमणूक बागांत असतात. तेव्हा आमच्याकडे कोणी ती पाहिली नव्हती. बांधणाऱ्या यादव मिस्त्रींनीही पाहिली नव्हती. ते राजूरकडच्या एका कोळसा खाणीत फिटर होते. खाणीच्या साहेबाने रद्दीत टाकलेल्या एका इंग्रजी मासिकात त्यांनी तिचं चित्र पाहिलं आणि ते कापून चार वर्षं टोपीत ठेवलं. खाणीने जुने रूळ मोडीत काढले तेव्हा त्यांनी नोकरी सोडली, रूळ घेतले, तुटक्या डब्यांची चाकं घेतली, जुने लोखंडी खांब घेतले. राहतं घर त्यात गेलं. त्यांच्या पत्नी, गोदावहिनी, त्यावर एवढंच म्हणाल्या, "घर हालत नवतं, हे तरी हालते."

खाणीत कोळशाने भरलेले डबे तारेच्या दोराने उतारावरून वर ओढतात आणि रिकामे खाली सोडतात. मिस्त्रींनी यातलं अर्धं उलट केलं. त्यांनी भरलेले डबे वर ओढून खाली सोडले, आणि कोळशाऐवजी माणसं भरली. पहिला चढ अडतीस फुटांचा. डिझेल इंजिन दोराने गाडीला तिथपर्यंत नेई आणि आकडा सुटे. त्यानंतर तिला ढकलणारं काही नव्हतं. जी काही ताकद होती ती त्या अडतीस फुटांतच मिळालेली. म्हणून दुसरा चढ सव्वीस फुटांचा आणि तिसरा एकोणीसचा. वाटेत चाकं आणि वारा जे खातात, तेवढी उंची प्रत्येक वेळी सोडून द्यावी लागते. दोन वळणं होती, एक डावीकडे, एक उजवीकडे. वळणावर बाहेरचा रूळ उंच ठेवलेला, म्हणजे गाडी आतल्या बाजूला कलते आणि फेकली जात नाही. रुळाच्या खालून पकडणारं एक लहान चाक प्रत्येक कोपऱ्याला होतं, चढाच्या माथ्यावर गाडी उचलली जाऊ नये म्हणून. शेवटच्या सपाट भागात लाकडी ठोकळ्यांचा ब्रेक, आणि त्याच्या दांड्यावर गोदावहिनी. तीन हंगामांत त्यांनी एकही गाडी धक्क्याने थांबवली नाही.

एका गाडीत चार माणसं, दोन पुढे, दोन मागे. घड्याळ लावून मी मोजलं होतं: आकडा सुटल्यापासून ब्रेकपर्यंत अठ्ठेचाळीस सेकंद. चढताना दोर कुरकुरतो, खालचा गलका कमी होत जातो, जिनिंगच्या आवारातले कापसाचे ढीग दिसू लागतात. माथ्यावर क्षणभर काहीच घडत नाही. मग बसायची फळी खालून निघून गेल्यासारखी वाटते. पोट जागच्या जागी राहतं आणि बाकीचा माणूस खाली जातो. तळाशी पोचताना तोच माणूस दुप्पट जड होऊन फळीवर आदळतो. डाव्या वळणावर शेजारचा तुमच्या अंगावर येतो, उजव्या वळणावर तुम्ही त्याच्या. हे टाळता येत नाही. शेवटी लोक हसत उतरत. रडत उतरणारेही थोड्या वेळाने हसत.

माझं काम तिसऱ्या चढामुळे निर्माण झालं. खाणीचे रूळ अरुंद, दोन फुटांचे. त्यावर दोन माणसं शेजारी बसली की गाडी रुळांच्या बाहेर दोन्हीकडे लोंबते. एक बाजू जड झाली तर चाकाची कड वळणावर रुळाला घासते, वेग मरतो, आणि गाडी तिसऱ्या चढाच्या अर्ध्यावर जाऊन मागे फिरते. मग ती खळग्यात मागेपुढे झुलत थांबते आणि सहा माणसांना ती बांबूंनी ढकलत न्यावी लागते. म्हणून शेजारी बसणाऱ्या दोघांच्या वजनात पाच शेरांहून जास्त फरक नको. प्रत्येकाला काट्यावर चढवायला वेळ नव्हता. लोक चढलेही नसते, कारण काट्यावर माल चढतो.

मी वणीच्या कापूस बाजारात मापारी होतो. दिवसभर काट्यापाशी उभं राहून वजन पुकारायचं. तीन-चार वर्षांत डोळ्याला अशी सवय होते की काटा नंतर फक्त दुजोरा देतो. मिस्त्रींनी हे ऐकलं आणि मला चहाच्या टपरीवर नेलं. "तो काळ्या कोटातला?" त्यांनी विचारलं. "एक मण पंधरा शेर." "तो पितळी लोटेवाला?" "एक मण सहा. लोट्यासकट सात." त्यांनी दोघांनाही जिनिंगच्या काट्यावर चढवून पाहिलं. एका शेराचा फरक निघाला. किलो तेव्हा नुकते येत होते. माणसं अजून मण-शेरातच होती, चाळीस शेरांचा एक मण.

बसवण्याचा नियम सांगायला सोपा होता. लोकांना तो पटवणं अवघड. नवरा-बायको, मित्र, भाऊ एकत्र येतात, त्यांना एकत्रच बसायचं असतं, आणि वजनं जुळत नाहीत. एकदा कायरकडचा एक नवा जावई बायको आणि सासूसह आला. जावई दीड मणाचा, बायको पस्तीस शेरांची, सासू एक मण एकोणीस. मी जावयाशेजारी सासूला बसवलं. सासूने पदर कपाळावरून हनुवटीपर्यंत ओढला.

"भाऊ, जावई होय माहा. मांडीले मांडी लावून बसू काय?"

"मावशी, गाडीले नातं समजत नाही."

"तुले तं समजते ना?"

शेवटी ती बसली. गाडी परत आली तेव्हा पदर मानेवर होता, आणि जावयाच्या सदऱ्याची बाही खांद्यापासून उसवून तिच्या मुठीत होती. दोघं एकमेकांकडे न बघता उतरली. जावई पुन्हा रांगेत उभा राहिला. सासू त्याच्या मागे.

बंजारा तांड्यातल्या एका बाईच्या बाबतीत मी चुकलो. चाळीस शेर धरली. गाडी वळणावर घासली, तिसऱ्या चढाच्या माथ्यावर जवळजवळ उभी राहिली आणि मग कशीबशी उतरली. बाई उतरल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "काई भिया, तारी गाडी थाकगी?" म्हणजे गाडी दमली का. पायातले चांदीचे वाळे, दंडापर्यंतच्या बांगड्या आणि नाण्यांनी मढवलेला घागरा मी हिशेबात धरला नव्हता. पुढच्या वेळी मी तिला वाळे हातात द्यायला सांगितलं आणि तोलून पाहिले. ती तांड्यातल्या इतर बायकांना म्हणाली, हा बाजारातला सोनार आहे, जपून राहा.

अशा दुरुस्त्या करत दोन हंगाम गेले. गाडी खळग्यात फक्त दोनदा थांबली. मला या कामाचा अभिमान होता, आणि तो लपवण्याइतका मी मोठा नव्हतो.

तिसऱ्या हंगामात आम्ही वर्धेच्या काठच्या एका गावच्या जत्रेत होतो. गावाचं नाव देत नाही. वर्षातली सर्वांत मोठी जत्रा तीच, तीन आठवड्यांची. गाडी उभी करायला अकरा दिवस आणि बावीस बैलगाड्या लागत. एवढा व्याप लहान जत्रांवर निघत नसे. ती जागा मिळाली तर पहाडगाडी चालणार, नाही तर नाही. हे मिस्त्रींना, वहिनींना आणि मला, तिघांनाही पक्कं माहीत होतं. जागा जत्रा समिती देई आणि समितीत गावच्या पाटलांचा शब्द शेवटचा असे.

चौथ्या दिवशी दुपारी पुढच्या फळीवर कवडू गुरुजी बसले होते. शेजारच्या गावातल्या शाळेचे शिक्षक. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या वस्तीने नागपूरला जाऊन बुद्धधम्माची दीक्षा घेतली होती, त्यांत तेही होते. त्यांची आई खाली त्यांच्या वहाणा आणि छत्री धरून उभी होती. गुरुजी रुंद बांध्याचे. एक मण बत्तीस शेर. त्यांना जोडीदार शोधत होतो, तेवढ्यात पाटील पाहुण्यांना घेऊन थेट फाटकाशी आले. पाटील एक मण चौतीस. दिवसभरात इतकी चांगली जोडी जमली नव्हती. मी गुरुजींच्या शेजारची जागा दाखवली.

पाटलांनी गुरुजींना ओळखलं. आवाज न चढवता मला म्हणाले, "त्याले उतरव."

"पाटील साहेब, वजन बरोबर जमते."

"वजन जमते गा. मी कसा जमू? पाव्हणे पाहून राह्यले."

"एकट्याले बसवता येत नाही. गाडी चढणार नाही."

"मंग दुसरं काई ठेव बाजूले. गोटा ठेव."

गाडीची तपासणी करायला आमच्याकडे सरकीची पोती होती. हंगामाच्या सुरुवातीला माणसांऐवजी ती बसवून दोन दिवस गाडी चालवायची, हा मिस्त्रींचा रिवाज. एकेक पोतं जवळपास माणसाच्या वजनाचं. मला ते आठवलं, आणि ही युक्ती आपल्याला सुचली याचं त्या क्षणी बरं वाटलं, हेही लिहायला हवं. गाडी अडणार नव्हती, जागा जाणार नव्हती, कोणाला नाही म्हणावं लागणार नव्हतं. मापाऱ्याला दोन सारखी वजनं सारखीच दिसतात.

मी गुरुजींना म्हटलं, "गुरुजी, दोन मिनिटं उतरता काय? पुढच्या फेरीत बसवतो."

ते उतरले. मी पोतं ओढत आणलं. ते एकट्याला उचलेना. गुरुजींनी दुसरं टोक धरलं, आणि आम्ही दोघांनी ते त्यांच्या जागेवर ठेवलं.

आई म्हणाली, "उतरला काहून रे?"

"वजन जमलं नाही, आई," गुरुजी म्हणाले. त्यांनी वहाणा घातल्या, छत्री घेतली आणि दोघं गेली. पुढच्या फेरीपर्यंत थांबली नाहीत.

गाडी उत्तम चालली. पोतं हलत नाही, घाबरून उभं राहत नाही, वळणावर अंग चोरत नाही. तिसरा चढ तिने इतका सहज घेतला की मी घड्याळ पाहिलं. सत्तेचाळीस सेकंद. पाटील हसत उतरले. "पोत्याले कवटाळून बसलो बाप्पा," असं पाहुण्यांना सांगत होते.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी तीन जणांनी पोतं मागितलं. तिसऱ्या दिवशी कोणी मागायची वाट न पाहता मीच विचारू लागलो. जातीचं नाव कोणी घेत नसे. "आमच्या बाजूले पोतं ठेवा जी," एवढंच. आठवडा संपेपर्यंत चार पोती सतत फिरत होती. रांग लवकर सरकत होती. गुरुजींच्या वस्तीतून कोणी येत नव्हतं, हे मला दिसलं नाही असं म्हणता येणार नाही. दिसलं, आणि पाहिलं नाही.

मिस्त्री दिवसभर रुळांखाली पाना घेऊन बोल्ट आवळत असत, त्यांना वर काय चाललं आहे ते कळत नसे. वहिनींना ब्रेकपाशी प्रत्येक गाडी समोर दिसे. एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "भाऊ, रोज तपासणी काहून करून राह्यले? गाडीत काई बिघाड हाय काय?"

मी त्यांना सोय समजावून सांगितली. जेवताना त्यांनी ते मिस्त्रींना सांगितलं. मिस्त्रींनी घास खाली ठेवला.

"माणसाच्या जागी आपुन पोतं कवा ठेवतो?"

"तपासणीत."

"कायले?"

"काही झालं तर पोतं पडावं. माणूस मरू नये म्हणून."

"म्हंजे माणूस वाचाले पाह्यजे म्हनून पोतं. अन् तू माणूस हाकलून पोतं बसोलं."

मी म्हणालो, पाटलांना नाही म्हटलं असतं तर जागा गेली असती. ते म्हणाले, "जागा माही जाणार होती ना? मले इचारलं काय तुनं?" मग ते हात धुवायला गेले. त्या ताटावर ते परत बसले नाहीत.

सकाळी त्यांनी चारही पोत्यांची तोंडं कापली आणि सरकी जत्रेतल्या गाडीवानांच्या बैलांपुढे ओतली. बैलांनी ती तासाभरात संपवली. त्या दिवसापासून मी फाटकावर सांगू लागलो की जोडीला माणूसच बसेल, वजन जुळेल तो. रांग एका दुपारीत निम्मी झाली.

इथे मला एक गोष्ट सांगायची आहे, जी मी आजवर छापली नाही.

पोत्यांची सोय सुरू झाल्यावर दोन दिवसांनी मी यवतमाळच्या एका साप्ताहिकाला जत्रेचं वृत्त पाठवलं होतं. मला लिहायची हौस होती आणि आधी कधी काही छापून आलं नव्हतं. रुळांची उंची, चढांची संख्या, फेरीचे सेकंद, सगळं अचूक दिलं होतं. शेवटी एक ओळ होती: "गाडीचा तोल राखण्यासाठी रिकाम्या जागी सरकीची पोती ठेवण्याची उत्तम सोय केली आहे." पोती बैलांनी खाल्ल्यावर चार दिवसांनी तो अंक एसटीने गावात आला.

पाटलांनी तो समितीच्या बैठकीत नेला आणि मिस्त्रींना बोलावलं. मीही सोबत गेलो. पाटील रागावलेले नव्हते. अंक पुढे करून म्हणाले, "मिस्त्री, पेपरात छापून आलं. उत्तम सोय. चांगली सोय मोडता कायले? सोय ठेवा, पुढच्या सालची जागा आजच देतो."

मिस्त्रींना वाचता येत नव्हतं. त्यांनी मला ती ओळ वाचायला सांगितली. मी वाचली.

"हे कोनं लेहलं?"

मी सांगितलं.

त्यांनी माझ्या हातातून अंक घेऊन पाटलांपुढे ठेवला. मग पाटलांना म्हणाले, "जागा तुमची होय जी. तिच्यावर कोनाले बोलवाचं ते तुमी ठरवा. गाडीत कोन बसते ते मी ठरवीन."

पुढच्या वर्षीची जागा एका तंबू सिनेमाला गेली.

कवडू गुरुजी जत्रा संपायच्या आदल्या दिवशी आले. एकटेच. हातात तोच अंक होता. ते गाडीत बसायला आले नव्हते. त्यांनी ती ओळ बोटाने दाखवली आणि शाळेत विचारावं तसं विचारलं, "ही बातमी तुम्हीच लिहिली ना? मग मला सांगा, जागा रिकामी होती का?"

मी म्हणालो, "नाही."

"मग तसं छापायला पाहिजे."

"पाठवतो," मी म्हणालो. त्यांनी अंक घडी करून खिशात ठेवला, नमस्कार केला आणि ते गेले.

मी खरंच पोस्टकार्ड लिहिलं. दोन ओळींची दुरुस्ती. ते टाकायच्या आधी संपादकांचं पत्र आलं. वृत्त नेमकं आणि तपशिलाला धरून आहे, असा बातमीदार वणी भागात हवा आहे, काम कराल का, असं त्यात होतं. नोकरी देणाऱ्याला पहिल्याच पत्रात आपली बातमी चुकीची होती असं कळवणं मला जड गेलं. थोडं स्थिरावल्यावर पाठवू, असं ठरवलं. स्थिरावलो. मग ती बातमी जुनी झाली, आणि जुन्या बातमीची दुरुस्ती कोणी छापत नाही हे मला तोवर धंद्याने शिकवलं होतं.

मिस्त्रींनी पुढचं वर्ष लहान जत्रांवर रेटलं. मग खांब आणि रूळ विकून ते खाणीत परत गेले, पहिल्याच कामावर. मी बातमीसाठी राजूरला जाई तेव्हा वहिनी चहा करत. मिस्त्री खाणीतल्या बोल्टांबद्दल, साहेबांबद्दल बोलत. जत्रेचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही. गुरुजींची दोन-तीन वर्षांत बदली झाली, नंतर भेट झाली नाही. ते अंक वाचत असतील आणि वाट पाहत असतील, असं सुरुवातीला दर आठवड्याला वाटे. पुढे महिन्याला. पुढे क्वचित.

तीस वर्षांत माझ्या नावावर अनेक दुरुस्त्या छापून आल्या. नावं, आकडे, गावं. पहिल्या बातमीची राहिली. संपादकांनी या लेखासाठी पानं दिली आहेत, त्यातली चार ओळींची जागा त्यासाठी वापरतो.

दुरुस्ती. पहाडगाडीच्या वृत्तात पोती रिकाम्या जागी ठेवली जात असल्याचं म्हटलं होतं, ते खरं नाही. त्या जागेवर कवडू गुरुजी बसले होते. त्यांचं वजन शेजाऱ्याशी दोन शेरांच्या आत जुळत होतं. त्यांना या वार्ताहराने उतरवलं.